शिबिरात सरसकट फुंकायची टेस्ट: तुमचं काय मत?

रामबागकर: रविवारी आमच्या इंदूरच्या कॉलनीत फुफ्फुसांची मोफत तपासणी आहे. ‘चाळिशीपुढच्या सगळ्यांनी यावं’ असा निरोप फिरतोय. माझा विरोध आहे. ज्याला ना खोकला ना धाप, त्याची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची टेस्ट, कशाला? त्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवाच झालंय आणि शेजारी तिलाही न्यायला निघालेत! जोर लावून फुंकलं की डोळ्यातला दाब वाढतो. ऑपरेशननंतर आठवडाभर तरी ही टेस्ट टाळतात.

सुदामानगरची सून: आईंना नेऊ नका, पण त्यासाठी अख्खं शिबिर कशाला मोडता? माझ्या सासूबाईंनी विडीला कधी हात लावला नाही, जन्म गेला चुलीपुढे. जिन्यात थांबायच्या, आम्ही म्हणायचो, वय झालं. दोन वर्षं नुसतं सिरप! शेवटी टेस्ट झाली. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायला लावलं, तरी पहिल्या सेकंदातली हवा एकूण हवेच्या 70 टक्क्यांखालीच. सीओपीडी निघाला, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.

रामबागकर: म्हणजे त्यांना दम लागत होता. मी तेच म्हणतोय! काहीच त्रास नसलेल्यांना सीओपीडीसाठी सरसकट तपासू नका, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने 2022 मध्ये पुन्हा सांगितलंय.

सुदामानगरची सून: अमेरिकेत किती जणींनी चूल फुंकली? आणि आपल्याकडे बाई ‘मला त्रास आहे’ म्हणते तरी कधी?

मशीनवाला: मी ही टेस्ट घेतो, म्हणून बोलतो. सूनबाई, न सांगितलेला त्रास विचारून काढता येतो, त्याला मशीन लागत नाही. शिबिरात माणशी दोन मिनिटं मिळतात. इथे तर तीन चांगल्या फुंकरी जुळाव्या लागतात. अर्धवट फुंकलं की धडधाकट माणूसही कागदावर आजारी. उलट दमेकऱ्याचा रिपोर्ट बऱ्या दिवशी नॉर्मल येऊ शकतो, आणि तो खूश होऊन पंप सोडतो. आठवड्यात हार्ट अटॅक आलेला, महिन्यात छाती-पोटाचं ऑपरेशन झालेलं, थुंकीतून रक्त पडतंय, अशांना आधी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मी नळी देत नाही. टीबीचा संशय असेल तरी थांबवतो, नाहीतर खोकला सगळ्या खोलीत.

सुदामानगरची सून: मग दारात टेबल टाकून हे विचारायला कोणी बसवा. शिबिर बंद कशाला?

रामबागकर: बसणार कोण?

सुदामानगरची सून: मी बसते. पोहे तुमच्याकडून, जिरावण जास्त.

रामबागकर: चालेल. पण ज्याला त्रास नाही त्याला मी टेबलावरूनच परत पाठवणार.