करारातलं लग्न आणि राजवाडा: तुम्हाला यात काय भावतं? (अनुभव धागा)

आधी लग्न आणि मग प्रेम अशा कोरियन मालिका मला आवडतात, कधी ते लग्न कागदावरच्या कराराचं, कधी राजवाड्यातलं. त्यातलीच 'प्रिन्सेस अवर्स' (मूळ नाव 'गुंग', २००६) मी गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा पाहिली, २४ च्या २४ भाग. कोरियातली राजेशाही १९१० साली जपानने देश गिळला तेव्हा संपली. ही मालिका विचारते, संपलीच नसती तर? आजच्या सोलमध्ये राजा आहे, राजमाता आहे आणि आजोबांनी कधीकाळी दिलेल्या शब्दापायी युवराजाचं लग्न साध्या घरातल्या शाळकरी मुलीशी लागतं.

माझा जीव अडकलाय तो त्याच्या आल्फ्रेडमध्ये. चारचौघांत चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा हा मुलगा खोलीत एका टेडीला जपतो. वाड्यात सगळे त्याच्याशी मान खाली घालून बोलतात. ही मात्र स्कर्टखाली ट्रॅकपँट घालून येते आणि तोंडावर भांडते. तो आवडायच्या आधी तिला त्याचं एकटेपण दिसतं. सतराव्या वर्षी वसतिगृहात मीही अशीच गप्प गप्प असायचे, म्हणून असेल. आता तुम्ही लिहा.

*

मी दोन वर्षं कोरियन शिकतेय. सबटायटल्समध्ये जे हरवतं ते सांगते. कोरियनमध्ये आदराचं बोलणं 'जोंदेमाल' आणि सलगीचं 'बानमाल'. करार केलेली जोडी पहिले कित्येक भाग अगदी अहो-जाहो करते. मग कधीतरी भांडणात किंवा घाबरल्यावर वाक्याच्या शेवटचा 'यो' गळून पडतो. त्या एका अक्षरासाठी मी प्रसंग पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकते. इंग्रजीत सगळं 'यू'च. आपल्या कानाला मात्र 'तुम्ही'चं 'तू' झालं की काय होतं ते शिकवावं लागत नाही. राजवाड्यातल्या कथेत तर ही पायरी उतरणं आणखी अवघड, कारण भोवती दासी उभ्या असतात.

*

माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्याआधी आम्ही जेमतेम चारदा बोललो होतो. त्यामुळे मुली म्हणतात, "आई, असं कुठे असतं का, आधी लग्न आणि मग प्रेम?" तेव्हा मला नवल वाटतं. असंच तर असतं! एका खोलीत दोन अनोळखी माणसं, दोघंही जपून वागणारी. तिसऱ्या आठवड्यात मला ताप आला. रात्री जाग आली तर उशाशी तांब्या, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं. यांनी कधी ठेवला कळलंही नाही, सकाळी कुणी त्याचा विषय काढला नाही. अशा मालिकांत नायक झोपलेल्या तिच्या अंगावर पांघरूण घालून गुपचूप निघून जातो ना, तिथे मला तो तांब्या दिसतो.

*

मी घटस्फोटित आहे. माझ्या लग्नात अटी नव्हत्या असं नाही, त्या कुणी आधी बोललं नव्हतं. नोकरी सोडायची आहे हे मला लग्नानंतर कळलं. म्हणून मला मालिकांतला करारावर सह्यांचा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो. मुदत किती, खोल्या कुठल्या, एकमेकांच्या कशात पडायचं नाही, सगळं कागदावर. समोरासमोर बसून तिला विचारलं जातं आणि ती एखादं कलम बदलूनही घेते. पुढे कलमं मोडतात ती दोघांच्या मर्जीने. जुन्या मालिकांमध्ये नायक मनगट धरून फरफटत नेतो, ते मात्र मला आजही पाहवत नाही.

*

खऱ्या राजवाड्याबद्दल थोडं. जोसॉन या कोरियाच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात युवराजासाठी मुलगी शोधताना राज्यात लग्नबंदी जाहीर व्हायची. लग्नाच्या वयाच्या मुलींची नावं घराण्यांनी कळवायची, मग तीन फेऱ्यांत निवड, या निवडीला 'कान्तेक' म्हणत. निवडलेली मुलगी माहेरी परत जायची नाही, तिला वेगळ्या वाड्यात ठेवून रीतिरिवाज शिकवत. अनेक घरं मुली लपवू पाहायची.

आणि १९२० साली, राजेशाही संपल्यावरही किताब राहिलेले युवराज यी उन यांचं लग्न जपानी राजघराण्यातल्या मासाकोशी लावलं गेलं, निव्वळ राजकारणासाठी. आपलं लग्न ठरल्याचं तिला वर्तमानपत्रातून कळलं होतं. पुढे ती यी बांगजा झाली, १९६३ मध्ये नवऱ्यासोबत कोरियात आली, अपंग मुलांसाठी काम केलं. १९७० मध्ये ते वारले, ती मात्र तिथेच राहिली.

सोलच्या चांगदोकगुंग राजवाड्यात तिचं घर मी पाहिलंय, नाकसोनजे. बहुतेक दालनं लाल-हिरव्या रंगांनी भरलेली, हे मात्र नुसत्या लाकडाचं. १९८९ मध्ये शेवटचा श्वास घेईपर्यंत ती इथे होती. मी पायरीपाशी बराच वेळ उभा होतो. आता मालिकेत नवी सून वाड्याच्या दारातून आत पाऊल टाकते, तेव्हा मी तिच्या दागिन्यांकडे पाहत नाही. तिच्याशी तिथे पहिलं साधं वाक्य कोण बोलतं, त्याची वाट बघतो.