सही गव्हर्नरची, बंधन विधिमंडळावर

‘आंतरराष्ट्रीय व्यापार करार केंद्र सरकार करतं, मग राज्याच्या विधिमंडळाचा संबंध काय?’ असं म्हटलं जातं. या मुद्द्याशी मी सहमत नाही. अमेरिकेत जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी कराराखाली (सरकारी निविदांत सदस्य देशांच्या कंपन्यांशी भेदभाव न करण्याचा करार) 37 राज्यं आली ती मुख्यतः गव्हर्नरांच्या, म्हणजे राज्य सरकारांच्या निवडून आलेल्या प्रमुखांच्या, संमतिपत्रांवर. म्हणजे करदात्यांचा पैसा कोणत्या अटींवर खर्च करायचा, यावरचं बंधन एका सहीने आलं आणि कायदे करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी कुणी विचारलंही नाही.

मॅसॅच्युसेट्सचं उदाहरण बघा. 1996 मध्ये तिथल्या विधिमंडळाने लष्करी राजवट असलेल्या म्यानमारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांच्या निविदा 10 टक्क्यांनी महाग धरायचं ठरवलं. युरोपीय संघ आणि जपानने याच कराराचा आधार घेऊन तक्रार केली. (कायदा शेवटी 2000 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण संघराज्याच्या कायद्याशी विसंगत म्हणून, तो मुद्दा वेगळा.)

मेरीलँडने 2005 मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून कायदा केला, की विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय राज्याला अशा खरेदी-अटींत बांधता येणार नाही. मला हेच योग्य वाटतं. मंजुरी सही होण्याआधी हवी. नंतर माघार घ्यायची तर समोरचे देश भरपाई मागू शकतात.