ऑनलाइन तुमचं खरं गिऱ्हाईक कसं सापडलं? (अनुभव लिहा)

छोटा व्यवसाय स्वतः चालवणाऱ्या आणि ऑनलाइन विकणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. जाहिरात कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला विचारायचंय ते असं, की जे गिऱ्हाईक पैसे देतं, परत येतं आणि चार जणांना सांगतं, ते तुमच्यापर्यंत कसं आलं? आणि त्याआधी कोणाच्या मागे वेळ गेला? फसलेलं आधी लिहा, जमलेलं नंतर.

सुरुवात माझ्यापासून. पक्षाघात किंवा खांद्याच्या ऑपरेशननंतर घालायला सोपे जातील असे कपडे मी शिवते. पहिले पाच महिने जाहिरात साठीच्या पुढच्या लोकांना दाखवली. कपडे त्यांच्यासाठी, म्हणून जाहिरातही त्यांनाच, इतका साधा हिशोब. लाइक्स भरपूर आले, ऑर्डर जवळजवळ नाही.

मग एका रविवारी आलेले सगळे मेसेज पहिल्यापासून वाचून काढले. ज्यांनी खरोखर कपडे घेतले त्यांचे मेसेज रात्री दहानंतरचे होते आणि बहुतेकांची सुरुवात "आईसाठी हवंय" किंवा "सासऱ्यांना घालता येईल का" अशी होती. घेणाऱ्या होत्या मुली आणि सुना, चाळिशी-पन्नाशीच्या, घरातलं सगळं आवरून फोन हातात घेतलेल्या. घालणारा एक आणि घेणारा दुसरा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरी चूक शब्दांची. मी सगळीकडे "ॲडॅप्टिव्ह कपडे" असं लिहायचे. हा शब्द आमच्या धंद्यातला, घरात कोणी म्हणत नाही. एका ताईंनी लिहिलं होतं, "आईचा हात वर होत नाही, सदरा चढवताना दोघींनाही रडू येतं." ते वाचून मी वर्णनातली पहिली ओळ बदलली: "हात वर न करता घालता येतो". फोटोही बदलला. आधी हसणारी मॉडेल होती. आता नुसते दोन हात आहेत, एक मांडीवर निपचित ठेवलेला आणि दुसरा, दुसऱ्या कोणाचा तरी, खांद्यावरची वेल्क्रोची पट्टी दाबून बसवणारा. त्या फोटोखाली लोक प्रश्न विचारू लागले: बाही किती उघडते, धुतल्यावर वेल्क्रो टिकतं का. असे प्रश्न यायला लागले की समजावं, बरोबर माणूस दारात आलाय.

एक सांगून ठेवते. मेटाने (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांनी) जानेवारी २०२२ पासून आरोग्य, धर्म, राजकीय मतं अशा नाजूक विषयांवरून जाहिरातीसाठी माणसं निवडण्याचे पर्याय काढून टाकले. मला ते पटतं. आजारी माणसाला त्याच्या आजारावरून हुडकून काढू नये. आपण अडचण नीट सांगितली, तर ज्याची ती आहे तो थांबून वाचतोच.

जुने फोटो दुरुस्त करून देणारा

ताई, शब्दांचं अगदी खरं. माझं उलट्या बाजूने झालं. सर्चवर जाहिरात लावली, क्लिक धो धो आले आणि दोन आठवड्यांत महिन्याचं बजेट संपलं. फोन चार आले, चौघांनाही पासपोर्टचे फोटो हवे होते.

लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं होतं, तो अहवाल मी उघडलाच नव्हता. उघडल्यावर दिसलं: "फोटो साफ करायचं ॲप", "फुकट", "कोर्स", "कसं करायचं". कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दावर जाहिरात लावतो तो, ब्रॉड मॅचवर ठेवला की साधारण त्या अर्थाच्या कुठल्याही शोधाला जाहिरात दिसू शकते. मी त्याच संध्याकाळी हे सगळे शब्द निगेटिव्ह यादीत टाकले (हे शब्द शोधले तर जाहिरात दाखवू नको, अशी यादी) आणि मुख्य कीवर्ड फ्रेज आणि एक्झॅक्ट मॅचवर, म्हणजे जास्त काटेकोर जुळणीवर, आणले. क्लिक एकदम रोडावले. घाबरलो होतो, पण आठवड्याभरात तीन कामं आली, त्यातलं एक म्हणजे पाण्यात भिजून चिकटलेला अख्खा अल्बम.

आता दर सोमवारी सकाळी पहिलं काम तो अहवाल वाचायचं. त्यातूनच समजलं की माझी चांगली गिऱ्हाइकं "फोटो रिस्टोरेशन" शोधतच नाहीत. ती शोधतात "आजोबांचा फाटलेला फोटो". बहुधा कोणाचं तरी वर्षश्राद्ध किंवा पंच्याहत्तरी जवळ आलेली असते, त्यामुळे तारीख ठरलेली असते. म्हणून जाहिरातीत आता काम किती दिवसांत मिळेल ते आधी लिहितो.

शिलाई मशीन दुरुस्ती

थोडक्यात लिहितो. गूगल बिझनेस प्रोफाइलवर (गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती) माझी मुख्य कॅटेगरी "इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती" अशी पडली होती. दिवसभर मोबाइल आणि मिक्सरवाल्यांचे फोन. शिलाई मशीनची कॅटेगरी निवडली, मी हाताळतो त्या मशीनचे प्रकार सेवांमध्ये एकेक करून लिहिले आणि फोन अर्ध्यावर आले, पण कामाचे. गूगल स्वतःच सांगतं की स्थानिक निकालात तीन गोष्टी बघितल्या जातात: शोधाशी जुळणं, अंतर आणि तुमची ओळख किती पसरलीय ते. अंतर आपल्या हातात नाही, पहिली गोष्ट पूर्ण आपल्या हातात आहे.

रिव्ह्यू मागताना मी एवढंच म्हणतो, "मशीनला काय झालं होतं ते लिहा." बदल्यात सूट वगैरे कधीच देत नाही. नियमात बसत नाही आणि मनालाही पटत नाही.

मोठ्यांना व्हायोलिन शिकवते, ऑनलाइन

मी फॉलोअर्स विकत घेतले होते. कोणाकडून ते लिहीत नाही. आकडा फुगला आणि खऱ्या शिष्यांना माझ्या पोस्ट दिसेनाशा झाल्या. पोस्ट आधी ज्यांना दिसते ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नसतील, तर ती पुढे सरकत नाही. शेवटी ते पान सोडून नवं केलं. फार वाईट वाटलं, कारण जुन्या पानावर चार वर्षांचे वादनाचे व्हिडिओ होते.

मग लुकअलाइक ऑडियन्स करायचं ठरवलं, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांची यादी द्यायची आणि त्यांच्यासारखी माणसं शोधून घ्यायची. त्याला एकाच देशातले किमान १०० जण लागतात. माझे पैसे भरून शिकणारे होते ६४. आकडा भरायला नुसती चौकशी करणाऱ्यांची नावं घातली आणि जाहिरात अगदी तशाच लोकांकडे गेली, चौकशी करून गप्प बसणाऱ्या. यादी जशी, तशी माणसं.

तेव्हा फोन उचलला. बारा शिष्यांना एकच प्रश्न विचारला: "क्लास लावलात त्याच्या आधीच्या महिन्यात घरी काय चाललं होतं?" सात जणांचं उत्तर जवळपास सारखं निघालं: नुकतेच निवृत्त झालो होतो किंवा मुलं शिकायला बाहेर गेली होती. एक बाई म्हणाल्या, "संध्याकाळी साडेसहाला घर इतकं शांत व्हायचं की टीव्ही नुसता लावून ठेवायचे." मी त्यांना सूर-ताल विकत नव्हते, त्यांची साडेसहाची वेळ भरून काढत होते. आता बॅच साडेसहाचीच आहे आणि जाहिरातीत पहिला शब्द "संध्याकाळी".

डावखुऱ्यांसाठी कात्र्या आणि लेखनसाहित्य

माझा मुद्दा मोजण्याचा. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १४.५ ही प्रणाली आली आणि इतर ॲप-साइटवर माणूस काय करतो याचा माग ॲपने काढण्याआधी परवानगी घेणं ॲपलने सक्तीचं केलं. तेव्हापासून माझ्या जाहिरातींच्या डॅशबोर्डवरचे आकडे आणि खऱ्या ऑर्डरी जुळेनात. वैतागून ऑर्डरच्या फॉर्मवर एक मोकळी चौकट ठेवली: "आमच्याबद्दल कुठे समजलं?" मुद्दाम पर्याय दिले नाहीत, कारण पर्याय दिले की लोक पहिल्यावर टिचकी मारतात.

उत्तर यायला लागलं, "शाळेतल्या बाईंनी सांगितलं." एकदा नाही, पंधरा-वीसदा. कागद कापताना मूल अडखळतंय हे आईवडिलांच्या आधी बाईंच्या लक्षात येतं. डाव्या हातात साधी कात्री धरली की वरचं पातं कापायची रेघच झाकतं. मी तेवढंच दाखवणारा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला, शिक्षकांसाठी. त्यात विक्रीचा शब्द नाही. आई-बाबांवरच्या जाहिराती बंद केल्या.

वह्या बांधणारा

मी जाहिरात कधीच केली नाही, पण लिहितो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी (एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची) जास्तीत जास्त २५६ जणांची असते आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. लोकांना ही अडचण वाटते, मला ती चाळणी वाटते. प्रत्येक पार्सलमध्ये हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: नव्या वह्या आल्या की कळवू का, हवं असेल तर नंबर सेव्ह करा. जो सेव्ह करतो त्याला खरंच हव्या असतात. माझ्या यादीत १४० जण आहेत. महिन्यातून एकच मेसेज, त्यात कागदाचा जवळून काढलेला फोटो. आठवड्याला पाठवत होतो तेव्हा लोक गळत होते.

नवीन सुरुवात करतेय

सगळे म्हणताय आपल्या गिऱ्हाइकांना विचारा. माझ्याकडे अजून एकही नाही. मापाचे पडदे शिवून देणार आहे. मी कोणाला विचारू?

धागाकर्ती

तू शिवणार आहेस तसे पडदे तयार विकणाऱ्या मोठ्या साइटवर जा आणि दोन-तीन स्टार दिलेले रिव्ह्यू वाच. एक स्टारवाले बहुधा पार्सल उशिरा आल्याचं लिहितात, त्यांना सोड. मधले लोक घ्यायला तयार होते आणि कशाने तरी हिरमुसले, ते नेमकं लिहितात: लांबी कमी पडली, उजेड आत येतो, रिंगा रॉडमध्ये जात नाहीत. वही घे आणि त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत उतरव, सुधारू नकोस. पन्नास झाली की इथे टाक, आपण मिळून बघू.