मदत हवी आहे: गुगल अर्थमधली एकच खूण पाठवायची कशी?

मंडळी, लॅपटॉपवर गुगल अर्थ प्रो वापरणाऱ्यांनी जरा हात द्या.

गेली सहा वर्षं गडांवरची पाण्याची टाकी टिपून ठेवतोय. कुठलं बारमाही, कुठलं फेब्रुवारीतच तळ गाठतं, कुठल्यात उतरायला दोर लागतो, सगळं फोटोसकट. अशा दीडेकशे पिवळ्या पिना 'पाणी' नावाच्या फोल्डरात आहेत.

परवा राजगडला निघालेल्या मित्राला संजीवनी माचीवरचं एकच टाकं पाठवायचं होतं. वरच्या फाइल मेन्यूतून 'सेव्ह प्लेस अ‍ॅज' केलं आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. त्याने ती ट्रेकच्या ग्रुपवर ढकलली. रात्री एकाचा फोन, "काय रे, तुझ्या सासऱ्यांच्या विहिरीला पाणी किती आहे सध्या?" अख्खं फोल्डर गेलं होतं! मळ्यातली विहीर त्यातच.

मग जास्तीचा शहाणपणा केला. केएमएल फाइल (गुगल अर्थ खुणा ज्या मजकूर-फाइलीत साठवतं ती) नोटपॅडमध्ये उघडून त्या टाक्याचे आकडे उचलले, ७३.६८, १८.२४ असे काहीतरी, आणि तेवढेच पाठवले. मित्राने फोनच्या नकाशात टाकले तर पिन पडली नॉर्वेच्या उत्तरेला, भर समुद्रात. पाणी बारमाही आहे, पण जरा लांब पडतं.

माझं चुकतंय कुठे? आणि फोटोसकट एकच पिन जाते का?

प्रतिसाद १
आधी समुद्राचं. केएमएलमध्ये रेखांश आधी लिहितात, मग अक्षांश, मग उंची. नकाशाच्या शोधचौकटीत उलटं, अक्षांश आधी. आकड्यांची अदलाबदल करा, राजगड परत जागेवर येईल. यात सगळेच एकदा तरी आपटतात.

आता फोल्डरचं. फाइल मेन्यूतून सेव्ह केलं की डावीकडच्या यादीत त्या क्षणी जे निवडलेलं असेल ते जातं. तुमचं फोल्डर निवडलेलं राहिलं असणार. त्या वाटेला जाऊच नका. यादीत त्या पिनेच्याच नावावर उजवी टिचकी मारा आणि तिथून 'सेव्ह प्लेस अ‍ॅज' करा.

फोटो तुमच्याच लॅपटॉपवर असतील तर केएमझेड निवडा. ती खरं म्हणजे झिप फाइलच असते, आत केएमएल आणि सोबत फोटो. नुसत्या केएमएलमध्ये फोटोचा फक्त पत्ता जातो, आणि तो पत्ता तुमच्या लॅपटॉपचा. समोरच्याला काय दिसणार, कप्पाळ!

प्रतिसाद २
नुसती जागाच कळवायची तर फाइल हवी कशाला? पिनेवर उजवी टिचकी, 'प्रॉपर्टीज'. वरतीच अक्षांश-रेखांश दिसतात, ते मेसेजमध्ये चिकटवा. त्याआधी टूल्स, ऑप्शन्समध्ये जाऊन 'डेसिमल डिग्रीज' करून घ्या, म्हणजे अंश-मिनिटं-सेकंदांची कटकट नाही.

पण दशांश कापू नका हो. तुम्ही वर दोनच स्थळं लिहिलीत, तेवढ्याने जागा अर्धा किलोमीटर सरकू शकते. माचीवर अर्धा किलोमीटर आडवं म्हणजे थेट दरीत. पाच स्थळं ठेवा, साधारण मीटरभरात पोचता.

प्रतिसाद ३
ब्राउझरमधल्या गुगल अर्थमध्ये लिंक देता येते, मात्र ती अख्ख्या प्रोजेक्टची. एका टाक्यासाठी वेगळा प्रोजेक्ट करा, नाहीतर विहीर पुन्हा गावभर.

मूळ प्रश्नकर्ता
जमलं! फोल्डरच निवडलेलं होतं. पहिल्या प्रतिसादातल्या काकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून आणखी एक युक्ती सांगितली, ती इथे लिहून ठेवतो. पाठवण्याआधी सेव्ह केलेली फाइल आपल्याच लॅपटॉपवर डबल-क्लिक करायची. ती खाली 'टेम्पररी प्लेसेस'मध्ये उघडते, तिथे पिना किती ते मोजायचं. माझी एकच निघाली, कातळातल्या पायऱ्यांच्या फोटोसकट. बंद करताना 'माय प्लेसेस'मध्ये ठेवू का विचारतं, तेव्हा नको म्हणायचं, नाहीतर तीच पिन दोनदा होते.

मित्राला नवी फाइल गेली. जुनी मात्र ग्रुपवर सगळ्यांनी उतरवून घेतलीय. रविवारी तिघं विहिरीवर पोहायला येतोय म्हणतायत, सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.