रेंजरलाही विसरू नका!

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला नौदल कप्तान जॉन पॉल जोन्स याच्या जहाजांपैकी आवडतं कोणतं, असं विचारलं की सगळे बोनोम रिशारचंच नाव घेतात, पण माझं मत त्याच्या आधीच्या रेंजर जहाजाला. जेमतेम 18 तोफांची स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका! फेब्रुवारी 1778 मध्ये फ्रान्सजवळच्या किबरोंच्या उपसागरात तिने 13 तोफांची सलामी दिली, फ्रेंचांनी 9 तोफांनी उत्तर दिलं. अमेरिकेच्या नव्या झेंड्याचा तो मोठाच मान.

एप्रिलमध्ये इंग्लंडच्या व्हाइटहेवन बंदरावर छापा. पोरवयात जोन्स याच बंदरातून पहिल्यांदा समुद्रावर गेला होता! तो तिथल्या तोफा निकामी करायला त्यांच्या कानात खिळे ठोकत होता, तर त्याचे काही खलाशी गुत्त्यात ढोसत बसले होते. दुसऱ्याच दिवशी मात्र तासाभरात ब्रिटिशांचं ड्रेक जहाज पकडलं. 1780 मध्ये अमेरिकेचं चार्ल्सटन बंदर ब्रिटिशांपुढे पडलं, रेंजरही त्यांच्या हाती लागली आणि तिची 'हॅलिफॅक्स' झाली.