शाळेत नसलेला विषय स्वतःच शिकून परीक्षेला घ्यावा का?

पारवा (धागाकर्ती)

मुलीला स्टॅटिस्टिक्स परीक्षेला घ्यायचंय. तिच्या शाळेत हा विषय नाही. शाळेचे पाच विषय आहेत ते आहेतच, हा सहावा ती घरी बसून, पुस्तक आणि जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन करणार म्हणते. शाळेबाहेरून परीक्षा देता येते हेही तिनंच शोधलं. केंब्रिजच्या परीक्षांना खासगी उमेदवार बसतात. अमेरिकेतल्या एपी (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा) स्टॅटिस्टिक्सलाही विषय वर्गात शिकलेलाच हवा अशी अट नाही.

घरात मतं दोन. बाकीचे म्हणतात, आहेत ते पाच नीट कर. मी म्हणते, करू द्या. कारण सांगते. एका नव्या औषधाच्या चाचणीची बातमी वाचून ती मला विचारत होती, "औषध घेतलेले जास्त बरे झाले हे ठीक, पण हा फरक औषधामुळे पडला की योगायोगानं, हे ठरवतात कसं?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुस्तक घेऊन आली. एखाद्या विषयामागे ती अशी आपणहून गेलेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. पण माझं चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

फळा-खडू

स्पष्ट सांगतो, मी विरोधात आहे. अनेक वर्षं शिकवतोय, आणि हे दरवर्षी बघतो. पालकांना वाटतं, जास्तीचा विषय खेळाच्या नाहीतर मोबाइलच्या वेळात बसेल. तसं होत नाही. आवडीचा विषय नावडत्या विषयाचा वेळ खातो. मूल दोन तास अभ्यासाला बसलेलं दिसतं, आपण खूश असतो, आणि त्या दोन तासांत रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलंच नसतं.

रामानुजनचं उदाहरण आपण फार अभिमानानं देतो: सोळाव्या वर्षी सूत्रांचं एक जाडजूड पुस्तक हाती आलं आणि एकट्यानं गणित केलं. पुढचं सांगत नाही. १९०४ साली तो शिष्यवृत्ती घेऊन कुंभकोणमच्या कॉलेजात गेला आणि गणितापायी बाकीच्या विषयांत नापास झाला. शिष्यवृत्ती गेली, भारतातली पदवी कधीच मिळाली नाही. हे रामानुजनच्या बाबतीत झालं. आपली मुलं साधी आहेत.

शाईचा डाग

फळा-खडू सर, मी त्या साध्या मुलांपैकीच. वरच्या पातळीचं गणित शाळेबाहेरून एकट्यानं केलं, परीक्षा दिली, पास झालो. धागाकर्तीच्या बाजूनं आहे, पण वेळेपेक्षा मोठा धोका वेगळाच आहे आणि तो आतून कळत नाही.

पहिले चार महिने मी नुसता वाचत होतो. सोडवलेलं उदाहरण वाचायचं, मान डोलवायची, पान उलटायचं. सगळं कळत होतं! मग पहिली जुनी प्रश्नपत्रिका पुढ्यात घेतली आणि दुसऱ्याच प्रश्नाला हात थांबला. वाचताना कळणं आणि कोऱ्या कागदावर येणं यांत केवढं अंतर आहे ते त्या दिवशी समजलं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजून दाखवलंय. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. शाळेत शिक्षक मध्येच प्रश्न विचारतात, चाचणी घेतात, म्हणून ही फसगत लवकर उघडी पडते. घरी ती उघडी पाडणारं कुणी नसतं.

त्यामुळे मुलीला सांगा, धडा संपला की पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर लिहायचं. रोज.

रानवाट

मला वेगळाच प्रश्न पडलाय. परीक्षा कशाला? मुलीला कुतूहल आहे तर शिकू दे. त्याला गुण, प्रमाणपत्र, हॉल तिकीट कशाला चिकटवायचं? आवडीच्या गोष्टीची परीक्षा झाली की आवड मरते. माझी चित्रकला अशीच गेली.

शाईचा डाग

रानवाट, चित्रकलेबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण माझा अनुभव उलटा आहे. एकट्यानं शिकताना कुठे थांबायचं तेच कळत नाही. अभ्यासक्रम हातात असला की इतकं येणं पुरेसं आहे, याच्या पुढचं नंतर, हे ठरतं. तारीख असली की कंटाळवाणा धडाही होतो. परीक्षा नसती तर मी आवडीची तीन प्रकरणं घोळवत बसलो असतो.

फळा-खडू

व्यवहाराचंही बोला. खासगी उमेदवाराला परीक्षा केंद्र स्वतः शोधावं लागतं आणि प्रत्येक केंद्र बाहेरचे विद्यार्थी घेत नाही. नोंदणी परीक्षेच्या कित्येक महिने आधी बंद होते. प्रात्यक्षिक किंवा शिक्षकानं तपासायचा प्रकल्प असेल तर विषय बाहेरून देणं अवघड, कधी अशक्य. स्टॅटिस्टिक्सला ही अडचण बहुधा कमी. पण उत्तरं कोण तपासणार? आई तपासणार का?

पारवा

सर, हा प्रश्न बरोबर वर्मी लागला. काल तिनं पुस्तक मिटून, घड्याळ लावून एक जुना प्रश्न सोडवला. दोन खतांमुळे उत्पन्नात फरक पडतो का, असा. गणित बरोबर आलं, पी-व्हॅल्यू ०.१८. (खतांत काहीच फरक नसता तरी नुसत्या योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू, आणि ती ०.०५ पेक्षा कमी आली तरच फरक आहे असं धरतात, असं ती सांगते.) शेवटी तिनं लिहिलं: "०.१८ हे ०.०५ पेक्षा जास्त आहे, म्हणून दोन्ही खतांचा परिणाम सारखाच आहे." मी पुस्तकातला आकडा ताडून बघितला, जुळला, आणि बरोबरची खूण केली.

शाईचा डाग

तिथेच गुण जातो. चाचणीनं एवढंच सांगितलं की फरक आहे असं म्हणायला या माहितीत पुरेसा पुरावा नाही. खतं सारखी आहेत असं चाचणीनं सांगितलेलं नाही. वाफे मोजकेच असतील तर खरा फरक असूनही दिसत नाही. नल हायपोथिसिस, म्हणजे 'काहीच फरक नाही' हे सुरुवातीला धरलेलं गृहीतक, नाकारता आली नाही म्हणजे ती सिद्ध झाली असं नव्हे. औषधाबद्दल मुलीनं विचारलं होतं ना, त्याचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे.

फळा-खडू

आणि ही चूक आईनं बरोबर म्हणून पुढे नेली असती. वर्षभर अशा पन्नास चुका पक्क्या होतात. माझा विरोध कायम आहे. तरी मुलगी करणारच असेल तर दोन गोष्टी पाळा. आठवड्याला एक उत्तर विषय जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आकडा नव्हे, वाक्य. आणि नोंदणीची मुदत संपण्याआधी तिच्या सर्वांत कच्च्या विषयाचे चाचणीचे गुण बघा. ते घसरले असतील तर या वर्षी नाव घालू नका.

पारवा

दोन्ही मान्य. कच्चा विषय रसायनशास्त्रच आहे, तुम्ही अंदाजानं म्हणालात तोच. तिला शाईचा डाग यांचा प्रतिसाद वाचायला दिला. तिनं दोनदा वाचला, माझी बरोबरची खूण खोडली आणि खाली नवं वाक्य लिहिलं. मग विचारलं, "वाफे किती असते तर फरक दिसला असता?" हे मला येत नाही. कुणी सांगेल का?