हेगरबर्गने देशाची जर्सी उतरवली, त्यात चुकलं काय?

डावखुरा (धागाकर्ता):
२०२५ च्या महिला युरोत (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) अडा हेगरबर्ग नॉर्वेची कर्णधार म्हणून उतरली, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

ज्यांनी महिला फुटबॉल फारसा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नॉर्वेच्या मुलींनी १८ जून १९९५ ला जर्मनीला २-० हरवून विश्वचषक जिंकला आणि तीन आठवड्यांनी, १० जुलैला, ही जन्मली. १८ व्या वर्षी युरोची अंतिम लढत खेळली. २०१४ ला फ्रान्सच्या लिऑन क्लबात गेली आणि तिथे गोलांचा रतीबच घातला. मग २०१७ च्या युरोनंतर, अवघ्या २२ व्या वर्षी, तिने राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला. कारण काय, तर नॉर्वेचा फुटबॉल महासंघ महिला संघाला गांभीर्याने घेत नाही: तयारी, सोयी, एकूण वागणूक. पैशाचं भांडण नाही हे ती पहिल्यापासून सांगत आली. २०१८ ला महिलांचा पहिलावहिला बॅलन डी'ओर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, तिलाच मिळाला आणि २०१९ चा विश्वचषक तिने घरी बसून पाहिला. संघात परतली थेट मार्च २०२२ मध्ये.

माझं मत स्पष्ट आहे. तिने केलं ते बरोबर केलं. देशासाठी खेळणं हा मान आहे, कर्ज नाही. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त पंच:
असहमत.

मान आहे म्हणता, मग मानाचं पान नाकारून वर तक्रार कसली? २०१७ च्या युरोत नॉर्वे नेदरलँड्स, बेल्जियम आणि डेन्मार्क, तिघांकडूनही हरला. तीन सामन्यांत गोल किती? शून्य. आघाडीला कोण होतं? हेगरबर्ग. स्पर्धा अशी आपटल्यावर महिन्याभरात व्यवस्थेतले दोष दिसायला लागले, हा योगायोग मला तरी पचत नाही. तक्रारींचा तपशीलही तिने लोकांपुढे कधी धडपणे मांडला नाही. 'गांभीर्य नाही' म्हणजे नक्की काय? सरावाचं मैदान खराब होतं, डॉक्टर नव्हता, की प्रशिक्षक पटत नव्हता?

बाकावरचा:
ती गेली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्वेत समान मानधनाचा करार जाहीर झाला. महिला संघाची रक्कम ३१ लाख क्रोनरवरून ६० लाख झाली, त्यात साडेपाच लाख पुरुष खेळाडूंनी स्वतःच्या वाट्यातून दिले. म्हणजे संघटनेतून बोलणी करून, संघात राहून बदल होत होता की! हिला दोन महिने धीर धरवला नाही.

डावखुरा:
@बाकावरचा, तुम्हीच माझा मुद्दा सोपा केलात. करार झाला तरी ती परतली नाही. पैशासाठी रुसली असती तर ऑक्टोबरातच सामानसुमान घेऊन हजर झाली असती.

@निवृत्त पंच, शून्य गोल मान्य. पण हीच बाई लिऑनमध्ये गोलांमागून गोल करते आणि देशाच्या संघात तिचा पाय चालत नाही, तर दोन्हीकडच्या वातावरणात काय फरक आहे हे विचारायला नको? लिऑनचे तेव्हाचे अध्यक्ष ओलास यांनी महिला संघावर पैसा आणि लक्ष दोन्ही ओतलं होतं. ते रोज बघणाऱ्या मुलीला राष्ट्रीय शिबिरात गेल्यावर काय वाटत असेल! तपशील मांडला नाही म्हणता, पण महासंघाशी बोलणी काही चौकात बसून होत नसतात.

मधली फळी:
मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. खरा प्रश्न एकटीने जाण्याचा आहे.

त्याच २०१७ मध्ये शेजारच्या डेन्मार्कचं बघा. युरोचा उपविजेता संघ, मानधनावरून महासंघाशी बिनसलं, तर अख्ख्या संघाने स्वीडनविरुद्धचा विश्वचषक पात्रता सामना खेळायला नकार दिला. सामना ३-० ने स्वीडनला बहाल झाला. पुढे डेन्मार्क विश्वचषकाला पात्रही ठरला नाही. किंमत मोठी, पण सगळ्यांनी मिळून मोजली. स्पेनमध्ये २०२२ ला १५ जणींनी 'आम्हाला राष्ट्रीय संघात निवडू नका' असे ईमेल महासंघाला एकदम पाठवले. त्यांतल्या फक्त तिघी, ऐताना बोनमाती, मारिओना काल्देंते आणि ओना बातले, २०२३ च्या विश्वचषकाच्या संघात होत्या आणि तो त्यांनी जिंकला. बाकीच्या बाराजणींनी तो टीव्हीवर पाहिला असेल. तिथेही फूट पडलीच, पण निदान महासंघाला १५ नावं एकदम पुसून टाकता आली नाहीत.

हेगरबर्गच्या मागे कोण उभं राहिलं? एकटीचा संप हा संप नसतो, ती रजा असते. महासंघाने ती मंजूर केली आणि दुसरी स्ट्रायकर शोधली.

जादा वेळ:
'ती रजा असते' ला +१. माझ्या पोस्टखालच्या सहीत लावू का?

गोलपोस्टमागून:
मधली फळी यांनी उदाहरणं चांगली दिली, निष्कर्ष मात्र उलटा काढला. एकटीला जाणं सोपं असतं का हो? टोळक्यात राहून बंड करायला थोडं कमी धाडस लागतं, असं माझं मत (यावरून आता मला धोपटा). तिची मोठी बहीण आंद्रीनेसुद्धा नॉर्वेकडून खेळायची. घरात जेवणाच्या टेबलावर काय बोलणं होत असेल कोण जाणे.

आणि हो, बॅलन डी'ओरच्या समारंभात सूत्रसंचालकाने तिला 'ट्वर्क (कंबर हलवत करायचा उत्तान नाच) येतं का' विचारलं होतं. जगातली सर्वोत्तम ठरलेल्या खेळाडूला, त्याच मंचावर, त्याच मिनिटाला. तिने 'नाही' म्हटलं आणि विषय संपवला. वागणूक म्हणजे नक्की काय, असं वर कुणीतरी विचारलंय म्हणून आठवलं.

निवृत्त पंच:
त्या सूत्रसंचालकाचं खापर नॉर्वेच्या महासंघावर का फोडताय? तो कार्यक्रम पॅरिसमधला होता.

निकालांवर बोलू. २०१९ ला तिच्याशिवाय नॉर्वेने नायजेरियाला, दक्षिण कोरियाला हरवलं, ऑस्ट्रेलियाला पेनल्टींवर बाहेर काढलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे इंग्लंडकडून ०-३. तो सामना जिंकला असता तर टोकियो ऑलिंपिकचं तिकीटही खिशात होतं. महिनाभर आधी, १८ मे ला, बुडापेस्टमध्ये याच बाईने चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) अंतिम सामन्यात लिऑनकडून बार्सिलोनावर पहिल्या अर्ध्या तासात हॅटट्रिक केली होती. इतक्या फॉर्मात असलेली स्ट्रायकर सोबत असती तर? त्या संघातल्या मुलींनी काय घोडं मारलं होतं तिचं?

आणि परत आल्यावर काय उजेड पडला? युरो २०२२, ब्रायटन, इंग्लंड ८ नॉर्वे ०. तिच्या २७ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. संघ गटातच गारद, हिचा गोल एकही नाही.

डावखुरा:
८-० ला आघाडीची खेळाडू जबाबदार! तुम्ही मैदानावर पंच असताना बचावफळी बघत नव्हता वाटतं?

मधली तीन वर्षंही हिशेबात धरा. जानेवारी २०२० ला गुडघ्याचं एसीएल (आतला मुख्य अस्थिबंध) गेलं, मैदानात परतली ऑक्टोबर २०२१ ला. जवळपास पावणेदोन वर्षं. म्हणजे बहिष्काराच्या पाच वर्षांतला मोठा काळ ती तशीही कुणासाठीच खेळली नसती. राष्ट्रीय संघात परतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कोसोवोविरुद्ध हॅटट्रिक केली, ती मात्र सोयीने वगळलीत.

परतण्याची वेळही बघा. मार्च २०२२ मध्येच लिसे क्लावेनेस महासंघाच्या अध्यक्ष झाल्या. पहिल्या महिला अध्यक्ष, आणि स्वतः माजी राष्ट्रीय खेळाडू. खुर्चीवरचं माणूस बदललं आणि खेळाडू परतली. याहून स्पष्ट तपशील कुठला हवा?

मधली फळी:
क्लावेनेसबाईंचा मुद्दा मी विसरलो होतो. त्या आधीपासूनच महासंघात मोठ्या पदावर काम करत होत्या, त्यामुळे बोलणी अध्यक्षपदाच्या आधीच सुरू असणं शक्य आहे. तरी रजेचं वाक्य थोडं मागे घेतो. थोडंच.

जादा वेळ:
सहीतून काढतो मग.

बाकावरचा:
मला एवढंच कळतं की २२ ते २६ हा स्ट्रायकरच्या पायातला सगळ्यात ताजा काळ. तो देशाला मिळाला नाही आणि तिलाही परत मिळणार नाही. तत्त्व राहिलं, वय गेलं. २०२५ च्या युरोत बाझलला यजमान स्वित्झर्लंडविरुद्ध गोल केला, पण पेनल्टी घालवली. दोन आठवड्यांनी जिनेव्हात, इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात, पुन्हा पेनल्टी घालवली. मग बरोबरीचा गोलही तिनेच केला, आणि ९० व्या मिनिटाला इटलीच्या जिरेल्लीने खेळ खलास केला. १-२.

डावखुरा:
बाझलला हुकल्यावर जिनेव्हात तिने चेंडू दुसरीच्या हातात दिला असता, तर तुम्हीच इथे येऊन लिहिलं असतंत, 'बघा, पुन्हा पळाली'.

बाकावरचा:
नसतं लिहिलं. कॅरोलिन ग्रॅहम हॅन्सनसारखी कसलेली खेळाडू संघात असताना पेनल्टीला चेंडू तिलाच द्यायला हवा होता, एवढंच म्हणतोय.